कोन सांगते? मीच सांगतो!

...आन् वरून ते म्याडम म्हनते, "सर, घाबरू नका"! काहून नाई घाबराचं? तुमाले सांगतो, भूत पिंपळावरचं असलं त रस्ता बदलता येते, पन ते आपल्याच गळ्यातून बोलून राहिलं त मानसानं जावं कुठं?

झालं काय, अमरावतीहून ज्योत्स्ना म्याडम आमच्या शाळेत आल्या. भाषा कशी शिकवतात, कशी शिकतात, याचा अभ्यास करते बाई. मले वाटलं, म्याडम मांगच्या बाकावर बसन, चहा घेईन, फॉर्म भरन, जाईन. नाई! म्हनते, "तपासायला नाही आले, सर. तुम्ही, मी आणि मुलं मिळून शोधू." आन् माह्या खिशात रेकॉर्डर! चार दिवस माहे इंग्रजीचे तास त्यात भरले. पाचव्या दिवशी सातवीचे पोट्टे, म्याडम, मी, सारे गोल बसून आयकाचं, आन् ज्याले जिथं काई म्हनाचं असन त्यानं "थांबवा" म्हनाचं.

लावलं. बाप्पा! कोन हा मानूस? घोगरा, घाईचा, वसकन अंगावर येनारा... "हू विल टेल? कोन सांगते? कोनीच नाई? मीच सांगतो!" एका दमात! पोट्टे हासून हासून लोळले. सव्वीस वर्षं छाती फुगवून शिकवून राहिलो, आन् तो आवाज माहाच होता!

तवापासून सुटका नाई. आंघोळीले बसलो त बकेटीतून येते, "कोन सांगते?" ऑटोत बसलो त मांगून, "कोनीच नाई?" घरी बायकोले, पार्वताबाईले, इचारलं, "भाजी काय?" आन् तिनं तोंड उघडाच्या आंधी मीच म्हनलं, "वांगं!" म्हनते कशी, "अवो, मले कवा सांगू देल्लं तुमी?" घ्या!

पन त्या पाचव्या दिवशी पोट्ट्यायचं हासनं लवकरच संपलं. जमुना म्हनून पोट्टी हाय, दोन वर्षांत वर्गात एक शब्द नाई. मीच तिच्या बापाले, नत्थुजीले, म्हनलं होतं, "पोट्टीले काई येत नाई, कायले शिकवता?" त्यानं मानलं. परीक्षा झाली की तिची शाळा बंद. आन् त्या गोलात तिनं हात वर केला. "थांबवा. इथं मी सांगनार होती." पुढं लावलं. "थांबवा. इथंही." अकरा डाव, हो! अकरा डाव पोट्टीच्या ओठावर उत्तर, आन् अकरा डाव तो घोगरा, "मीच सांगतो!" रडू आलं मले, खरं सांगतो.

संध्याकाळीच नत्थुजीच्या घरी गेलो, हात जोडले. तो म्हनते, "तुमीच म्हनलं होतं न, सर? आता पोट्टी बोलली त मानीन. उद्या येतो आयकाले."

आला. व्हरांड्यात उभा. आमी साऱ्यायनं मिळून नियम केला होता, प्रश्न इचारला की सरांनी मनात दहा मोजाचे. इचारलं. एक... दोन... घामच फुटला! सहावर तो घोगरा आवाज निघालाच, "मीच सां..." दाबला! जमुना उभी राहिली. ओठ हालून राहिले, आवाज नाई. माह्याकडं पाहाते आन् थिजते.

"काय झालं, माय?"

"सर... जरा भाईर उभे राहाता काय? तुमी दिसले का उत्तर पळून जाते."

झालं! गेलो मुकाट्यानं, नत्थुजीच्या बाजूले भिंतीले टेकलो. आतून जमुना बोलली. पुरं उत्तर, बरोबर! मंग म्याडमनं इचारलेलं दुसरं! नत्थुजीनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. म्हनते, "राहू देतो, सर, तिले शाळेत. पन तुमी रोज असेच भाईर उभे राहासान न?"

राहीन म्हनलं, काय करता!