सरपंच श्रद्धांजलीत

आमच्या बालाघाटच्या बातम्यांच्या वेबसाइटवर मी एका सरपंचाला मारलं होतं, ते सांगतो. लामताकडच्या सरपंचाने बोअरवेलचं उद्घाटन केलं. मी बातमी 'विकास' या प्रकारात टाकली. सकाळी त्याचाच फोन.

"अजी भाऊ, मी तं जित्ता हावो! मले काहून मारलं?"

उद्घाटनात हार घातलेल्या त्याच्या फोटोसकट बातमी 'श्रद्धांजली'त!

"लोकं सांत्वनाले येऊन राह्यले. अन् उपसरपंच खुर्चीवर बसून पाह्यते!"

मी तणतणत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुकेश आणि प्रणयसमोर उभा राहिलो. उलगडा झाला. बातम्यांच्या प्रकारांना मुकेश शून्यापासून क्रमांक देतो, प्रणय एकापासून. मी बातमी भरतो त्या मुकेशच्या फॉर्ममधला 'विकास'चा क्रमांक वाचकांना दिसणाऱ्या प्रणयच्या पानावर 'श्रद्धांजली'चा होता.

"काका, सारी दुनिया शून्य से गिनती है," मुकेश म्हणाला.

"तुयी दुनिया असंन!" प्रणय उसळला.

"गप बसा दोघंही! वारासिवनीला धान मोजताना पहिल्या मापाला एकही म्हणत नाहीत, शून्यही नाही. 'लाभ' म्हणतात. पण सगळे लाभच म्हणतात, म्हणून घोळ होत नाही. तुम्ही तर एका टेबलावर बसता!"

शेवटी क्रमांक काढून दोघांनीही प्रकाराचं पूर्ण नावच लिहायचं ठरलं. दुपारपर्यंत सरपंच 'विकास'मध्ये परतला. मी ऐटीत फोन केला.

"हौ भाऊ, पाह्यलं," तो हळूच म्हणाला. "पण निवडून आलो तवाबी एवढी माणसं घरी नोहती आली. संध्याकाळपर्यंत राहू द्याचं होतं."