आईची वीत

तुम्ही लिहून घेताय म्हणून सावकाश सांगते, एरवीही मी फार बोलणारी नाही. मी मूळची वाईची. बाबा बँकेत होते, आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तेव्हा शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या बाई विणायला बसायच्या, आईच्या पर्समध्ये खडूचा डबा आणि सुया एकत्रच असायच्या. टेप तिनं कधी वापरली नाही. माणसाच्या छातीभोवती दोरा गुंडाळायचा, तो दोरा वितीनं मोजायचा, वाढीची दोन बोटं धरायची, झालं माप. आणि तिचं माप चुकलं असं मी कधी बघितलं नाही, अख्ख्या गल्लीतली पोरं तिच्या स्वेटरात वाढली.

तिनंच मला विणायला शिकवलं. मी कॉलेजात असताना एकदा तिनं माझ्या हाताला हात लावून बघितला, अंगठ्याला अंगठा, करंगळीला करंगळी, आणि म्हणाली, घ्या, आमच्या मापाचा आला की हात. तेव्हापासून माझ्या बांगड्या ती स्वतःच्या हातात घालून आणायची. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लग्नानंतर कुवेतला आले. नितीन, माझा नवरा, इथं एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे, मी एका भारतीय शाळेच्या लायब्ररीत. महबूला नावाच्या भागात राहतो, सातव्या मजल्यावर, बाल्कनीतून समुद्राची एक चीर दिसते. सासूबाई लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे बाळंतपणाला आई येणार हे धरूनच चाललो होतो. पण सातव्या महिन्यात ती म्हणाली, गुडघे फार दुखतायत गं, विमानात एवढा वेळ बसवणार नाही. मी रुसले. काय सांगू तुम्हाला, मी गुडघ्यांवर रुसले.

सई ऐन उन्हाळ्यात झाली. इथं उन्हाळ्यात नळाला उकळतं पाणी येतं, गच्चीवरच्या टाक्या तापतात, म्हणून बाळाच्या अंघोळीचं पाणी आदल्या दिवशीच बादलीत काढून गार करायचं. मालिश, अंघोळ, धुरी, दूध, ढेकर, परत दूध. नितीन ड्युटीवर गेला की घरात मी, सई आणि एसीची घरघर. झोळी टांगायला छताला कडी नाही, म्हणून पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि हातात सुया घ्यायच्या. एक सुलट, एक उलट, तेवढंच डोकं ताळ्यावर राहायचं. चार ओळी झाल्या की ती उठायची. मोजे सुरू केले की ते व्हायच्या आत तिचे पाय मोठे व्हायचे.

सई दोन महिन्यांची झाली तेव्हा आईचा फोन आला. म्हणाली, मोजे राहू देत, स्वेटर मी करते, थंडीच्या आत पोचवते, माप सांग. मी दोरा गुंडाळला, मोजला, म्हटलं, दोन विती भरली गं. ती म्हणाली, गुटगुटीत आहे की, कुणावर गेली? म्हटलं, तुझ्यावर. हसली. व्हिडिओवर तेव्हा तिचा नुसता चेहरा दिसायचा, अगदी जवळून, डोक्यावरून पदर. मी म्हटलं, आई, घरात पदर कशाला? म्हणाली, थंडी वाजते. आणि मी ते ऐकून घेतलं.

आमच्या खालच्या मजल्यावर ज्योतीताई राहतात, साताऱ्याच्या, नर्स आहेत. त्या सुट्टीवरून परत येताना आईचं पुडकं घेऊन आल्या. मेतकूट, डिंकाचे लाडू, आणि स्वेटर. पिवळा, शेंदरी काठाचा. सईच्या डोक्यातून तो जाईना. नितीन म्हणाला, आजीनं बाहुलीला केला की काय? मीही हसले. पोरगी महिन्याभरात वाढली असेल म्हणून त्याची घडी घातली.

घडी घालताना सहज त्यावर हात पसरला. दोन वितींचं माप म्हणजे पुढचा पल्ला एक वीत आणि वर वाढीचं एक बोट भरायला हवा. माझी वीत त्यात मावेना. करंगळी काठाच्या बाहेर गेली, चांगली दोन बोटं. मी परत लावून बघितली. मग उलटा करून बघितला. डाव्या बाहीत टाके सुटलेले, वरच्या वर दोऱ्यानं पकडून ठेवलेले. आईचा टाका कधी सुटत नसे. ती माप चुकली नव्हती हो. तिनं तिच्या वितीनंच मोजलं होतं. बोटं पुरती ताणलीच जात नसणार, ती वीतच तेवढी राहिली होती.

नितीन युनिफॉर्मला इस्त्री करत होता. मी विचारलं, आईच्या हाताला काय झालंय? त्यानं इस्त्री बंद केली, वायर काढली, आणि ती वायर गुंडाळत बसला. तेव्हाच मला कळलं की ह्याला माहीत आहे.

सगळ्यांना माहीत होतं. पोटाचा कॅन्सर, उशिरा कळलेला. मला सातवा लागला तेव्हाच निदान झालं होतं. दादानं, माझ्या भावानं, रिपोर्ट नितीनलाच पाठवले होते, लॅबमधला माणूस म्हणून. ज्योतीताई पुडकं आणायला घरी गेल्या होत्या, आईला बघून आल्या होत्या, आणि माझ्या दारात उभं राहून म्हणाल्या होत्या, आई छान आहेत हो. आधी ठरलं, पोटुशीला सांगायचं नाही. मग ठरलं, बाळंतिणीला सांगायचं नाही, तिचं दूध जाईल. सव्वा महिना होऊ दे, मग बाळ तीन महिन्यांचं होऊ दे. नितीन म्हणाला, तुझं दूध गेलं असतं तर पोरीनं काय केलं असतं, तूच सांग. मी म्हटलं, बाजारात डबे मिळतात दुधाचे. तो म्हणाला, तुझ्या आईनंच शपथ घातली होती.

मी फोन लावला. आई म्हणाली, उघडं पडलं का? मग तिचा पहिला प्रश्न, दूध आहे ना पुरेसं? मी रडत होते आणि ती विचारतेय, स्वेटर लहान झाला ना, वाटलंच मला. उसव आणि परत विण, टाके किती वाढवायचे ते मी सांगते. म्हटलं, नाही उसवणार. म्हणाली, वेडी आहेस, मग पोरगी कुडकुडू दे. म्हटलं, मला बोलाव ना गं. ती म्हणाली, तू आलीस तर मला रडावं लागेल, मला आता तेवढी ताकद नाही.

पण मी निघायचं ठरवलं. सई अंगावर पिणारी, तिला सोडून जाता येईना, आणि तिचा पासपोर्ट यायचा होता. अर्ज तर कधीच दिला होता, पण घाईनं करा असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मुळात घाई आहे हे मलाच माहीत नव्हतं. तेवढे दिवस रोज दुपारी आई फोनवर यायची. आता पदर घेत नव्हती. केस नव्हतेच. बोलायला दम लागायचा, म्हणून मी विणायची आणि ती बघायची. मध्येच म्हणायची, टाका चुकला, मागे जा.

पासपोर्ट आला, तिकिटं काढली, बॅग पलंगावर उघडी होती. सकाळी सईला पाजत होते आणि दादाचा फोन आला. त्याला बोलता येईना, नुसतं, आई, आई. मी समजले. आणि ऐका, सई पीतच होती. दूध येतच होतं, दुसऱ्या बाजूचंही गाऊनवर ओघळत होतं. आई गेली तरी थांबलं नाही. ज्याच्यासाठी एवढे महिने सगळ्यांनी तोंडं शिवून ठेवली, त्याला काही झालंच नाही.

दिवसांना गेलो, परत आलो. नितीनशी भांडण वगैरे नाही, आमचं बरं चाललं आहे. फक्त तो काही सांगायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. मी कामावर रुजू झाले, सईला ज्योतीताईंच्या शेजारी एका मल्याळी बाईंकडे ठेवते. ज्योतीताई जिन्यात भेटतात, मान खाली घालतात. मी म्हणते, अहो, तुमचा काय दोष.

जानेवारीत इथं वाळवंटाचा वारा हाडात शिरतो. सईला सर्दी झाली तेव्हा मी तो स्वेटर उसवायला घेतला. सांगितलं होतं तिनं. सगळा उसवला, लोकर धुतली, वाळवली, माझ्या वितीनं माप घेऊन परत विणला. डावी बाही मात्र नाही उसवता आली. ती तशीच सुयांच्या डब्यात आहे, तिच्यात माझी दोन बोटंच मावतात. लोकर कमी पडली, तिथं दुसरी पिवळी घातली. रंग जुळला नाही.

सई आता चालते, तो स्वेटरही तिला तोकडा झाला. शुक्रवारी सुट्टी असते तेव्हा मी बाबांना फोन लावते. मी बरा आहे, ते लगेच म्हणतात. मी म्हणते, बाबा, हात दाखवा. ते म्हणतात, काय गं हे, दर वेळी? पण चष्मा सारखा करतात आणि कॅमेऱ्यासमोर पंजा पसरतात, सई इकडून तिचा पसरते. बाबांची वीत मला पाठ झाली आहे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत नीट बघून घेते, मग विचारते, जेवलात का? देव करो आणि सगळ्यांच्या लेकींना वेळेवर कळो. माझं म्हणाल, तर त्या शुक्रवारपुरतं भागतं.