व्याह्यांची नाराजी

...आणि तरी नाराज! अहो, कोण काय विचारता, आमचे व्याही! आमची ज्ञानदा नोकरीला फ्रान्समध्ये लियाँला गेली आणि तिथलाच मुलगा पसंत करून बसली, त्यामुळे जूचंद्रच्या या शांतारामला डायरेक्ट फ्रेंच व्याही मिळाले. रेल्वेतून रिटायर झालेले. पेन्शन आहे, डॉक्टर जवळपास फुकट, नळाला चोवीस तास पाणी... आणि तरी नाराज! व्हिडिओ कॉल लावला की मागे ढोल, बॅनर, घोषणा! मी म्हटलं, वरात आहे का कुणाची? तर ज्ञानदा म्हणते, "मोर्चा आहे, बाबा. सरकार निवृत्तीचं वय बासष्टचं चौसष्ट करतंय." अहो, मी त्रेसष्टचा! अजून सकाळी डबा घेऊन अंधेरीला कामाला पळतो, कारण पेन्शन म्हणजे काय ते मी फक्त व्याह्यांच्या तोंडून ऐकलंय!

तुम्हाला सांगतो, जळतो मी. पेन्शनवर नाही हो... म्हणजे पेन्शनवरही जळतो, खोटं कशाला बोलू! पण जास्त जळतो त्या नाराजीवर. तिकडे म्हणे माणसाला वाटतं, सरकार आपल्यासाठी आहे, बिघडलं की जाब विचारायचा. आणि आम्ही? आमच्या बिल्डिंगला तीन दिवसांनी पाणी येतं, आणि आलं की आम्ही ग्रुपवर एकमेकांचं अभिनंदन करतो!

तर या डिसेंबरात ज्ञानदासोबत व्याही आले. अर्ध्या बादलीत अंघोळ केली आणि जे लाल झाले... ज्ञानदाकरवी मला विचारतात, "तुम्ही रस्त्यावर का उतरत नाही?" आमची बायको मनोरमा म्हणते, "पाहुणे विचारतायत, उतरा की एकदा!" झालं! व्याही आणि आम्ही सोळाजण निघालो पाणी खात्याच्या ऑफिसात. गावातल्या कमळीबाई सगळ्यांच्या पुढे, "आज पानी घेतल्याशिवाय उठनार नाय!"

साहेब काय म्हणाले असतील? "या, या, बसा! अरे, सतरा चहा सांग!" संपलं! कमळीबाईंनी पदराने घाम पुसला आणि कप घेतला. आलं-वेलची घातलेला चहा, समोरचा माणूस आपुलकीने विचारतोय, साखर बरोबर आहे ना... त्याच्यावर ओरडायचं कसं? तुम्हीच सांगा!

पण व्याही! हाताची घडी घालून बसले. "नो टी. वॉटर." साहेब म्हणाले, "घ्या हो, घोटभर." "नो टी. वॉटर!" पाच मिनिटं झाली, दहा झाली... साहेबांना घाम! अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा कुणीतरी चहाला नाही म्हणत होतं. शेवटी त्यांनी लेटरपॅड ओढलं, पेनाचं टोपण काढलं, रोज एक टँकर असं लिहायलाही घेतलं... आणि मी काय बघतो? व्याह्यांच्या चहावर साय धरतेय! अहो, भरलेला कप, वाया जाणार... हात आपोआप गेला हो. मी पिऊन टाकला.

साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! टोपण लागलं. "चला, राग गेला ना मंडळींचा? बघतो मी, दोन दिवसांत!" आणि आम्ही उठलोसुद्धा. वर आभार मानले!

व्याही गेले परत. परवा त्यांचा फोन आला, मध्ये ज्ञानदा दुभाषी, मागे तोच ढोल. "पाणी आलं?" म्हटलं, नाही. "मग आता तरी नाराज आहात ना?" मी पुष्कळ प्रयत्न केला हो, कपाळाला आठ्याबिठ्या घालून बघितल्या... टाकीत पाणी नाही, पुढे पेन्शन नाही... आणि तरी नाराज होता येईना!

म्हटलं, व्याही, काही म्हणा, तुमच्या वाटचा चहा मात्र फक्कड होता!