मंडळाच्या अध्यक्षांना सायकल दिल्याबाबत

जबाब
दिनांक २७ जानेवारी १९९६

नाव : श्रीमती बतूल सुलेमान मुकादम. वय : ६२ वर्षे. धंदा : टेलिफोन खात्यातून ट्रंक सुपरवायझर म्हणून सेवानिवृत्त. जात-धर्म : कोकणी मुसलमान. मूळ गाव : तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. सध्या राहणार : सेक्टर ८, सी.बी.डी. बेलापूर, नवी मुंबई.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती सुलेमान हसन मुकादम हे जहाजावर फिटर होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. मूलबाळ नाही. घरात एक सायकल आहे. ती सध्या आपल्या ठाण्याच्या आवारात, जप्त केलेल्या हातगाडीखाली पडलेली आहे. मी जबाबाला आले आहे ती त्या सायकलसाठी. अध्यक्षांच्या कमरेसाठी नव्हे.

सायकल काळ्या रंगाची, उंच, मर्दानी बनावटीची आहे. पतींनी ती रॉटरडॅम बंदरात विकत घेतली आणि कॅप्टनची परवानगी काढून जहाजातून मुंबईस आणली. तिला हँडलवर ब्रेक नाहीत. पेडल उलट्या दिशेने दाबले की ती थांबते. तिकडे सायकली तशाच असतात. त्यात काही बिघाड नाही. पती असताना मी मागे कॅरिअरवर बसत असे. ते गेल्यावर सायकल उभी राहून गंजू लागली म्हणून मी ती चालवायला शिकले. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, "आंटी, या वयात?" मी त्यांना म्हणाले, या वयात मला रोज माशांना आणि पोस्टात जायचे असते, तेव्हा या वयातच शिकायला हवे.

सायकल शिकल्यावर मी सायकलस्वार हितरक्षक मंडळाची सभासद झाले. मंडळाचे सुमारे शंभर सभासद आहेत. बहुतेक जण तळोजा आणि दिघा भागात कारखान्यात जाणारे कामगार आहेत. काही आसपासच्या गावांतले कोळी आहेत, ते सायकलवर मासळी पोचवतात. मंडळ सभासदांना दरसाल एक बिल्ला, एक कॅलेंडर आणि कोजागरीला मसाला दूध देते. समिती पाच जणांची आहे. अध्यक्ष श्री. कमळाकर सबनीस आहेत. मासिक सभेला पाचही जण मोटारीतून येतात. मोटारींना जागा मिळावी म्हणून सभासदांनी आपल्या सायकली गेटाबाहेर लावाव्यात, असा मंडळाचा ठराव आहे. तो एकमताने मंजूर झाला, कारण सभासद तेव्हा गेटाबाहेर सायकली लावत होते.

सभासदांची मागणी एकच आहे. टेकडीवरून खाली येणाऱ्या रस्त्याच्या शेवटी, पावसाचे व भरतीचे पाणी साठवणाऱ्या होल्डिंग पाँडच्या अलीकडे, गटारावर लोखंडी जाळी आहे. तिच्या सळ्या रस्त्याला आडव्या हव्यात, त्या उभ्या बसवल्या आहेत. सायकलचे चाक दोन सळ्यांच्या मधोमध जाऊन अडकते आणि माणूस पुढे जातो. आमचे सभासद गणू कोळी, राहणार दिवाळे, गेल्या गणपतीत मासळीच्या दोन पाट्यांसह तिथे पडले. मासळी गटारात गेली, तिच्यात माझा अर्धा किलो सरंगाही होता. जाळी उचलून फिरवून बसवावी, एवढीच मागणी. प्रत्येक सभेत ती कोणीतरी मांडतो आणि प्रत्येक सभेत अध्यक्ष सांगतात की तुमचे म्हणणे मी वर पोचवले आहे.

मी एकदा उभे राहून विचारले, "वर म्हणजे कुठे?"

अध्यक्ष म्हणाले, "वर म्हणजे वर, मॅडम. प्रोसेस असते."

गणू कोळी म्हणाले, "सायेब, मी नि माजा भाव पहार घेऊन जातो. अर्ध्या घंट्याचा काम हाय."

त्यावर अध्यक्ष रागावले. सभासदच स्वतः कामे करायला लागले तर मंडळाने करायचे काय, असे त्यांनी विचारले. समितीने टाळ्या वाजवल्या आणि जाळीसाठी उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीत तेच पाच जण आहेत.

काल २६ जानेवारी रोजी मंडळाने सायकल फेरी ठेवली होती. प्रमुख पाहुणे म्हणून पालिकेतले एक मोठे साहेब येणार होते. त्यांचे नाव मी घेत नाही, त्यांचा यात दोष नाही, ते फक्त उत्साही आहेत. अध्यक्षांनी आदल्या सभेत योजना सांगितली ती अशी : शंभर सायकली रस्त्यावर आल्या तर ट्रॅफिकला अडथळा होईल. म्हणून समितीचे पाच जण सभासदांच्या वतीने सायकली चालवतील. सभासदांनी मांडवात खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवायच्या. समितीकडे सायकली नसल्याने त्याही सभासदांनीच द्यायच्या.

मी हे दोनदा सांगायला लावले. मला वाटले, माझ्या कानात दोष आहे. शेजारी गणू कोळी होते. ते म्हणाले, "बाय, आपल्या लग्नात नवरा पन तेच व्हनार."

सभा संपल्यावर अध्यक्ष माझ्या घरी आले. त्यांना माझीच सायकल हवी होती. उंच आहे, फॉरेनची आहे, फोटोत उठून दिसेल, असे ते म्हणाले. मी नाही म्हटले. त्यांनी भिंतीवरचा माझ्या पतींचा फोटो पाहिला आणि म्हणाले की ही सायकल सुलेमान मुकादम यांची आहे असे मी माइकवरून जाहीर करीन, सगळ्या सेक्टरला कळेल. मी सायकल देण्यास तयार झाले. याहून दुसरे कारण नव्हते.

२६ तारखेस सकाळी झेंडावंदनानंतर आम्ही सर्व टेकडीच्या रस्त्यावर मांडवाशी जमलो. मला रोजा होता. मी सायकल तेल देऊन, पुसून आणली होती. ती हवाली करताना गणू कोळी आणि इतर सभासदांसमोर मी अध्यक्षांना सांगितले :

"सबनीस, हिला हँडलला ब्रेक नाही. थांबायचे झाले तर पेडल उलटे दाबायचे."

ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका मॅडम. मी सायकलवाल्यांचा अध्यक्ष आहे."

मी म्हणाले, "ते सायकलला ठाऊक नाही."

मी पुन्हा सांगू लागले तेव्हा त्यांनी मला खुर्चीकडे हात दाखवला. मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत मदर सुपीरिअरसुद्धा अशी खुर्ची दाखवीत नसत. तरी मी बसले. ब्रेकबद्दल मी माहिती लपवली, असे अध्यक्षांनी तक्रारीत लिहून दिले आहे. माहिती मी दिली होती. त्यांनी ती घेतली नाही.

नंतर त्यांनी माइक हातात घेतला. पाहुण्यांना सायकल दाखवून म्हणाले, "ही इम्पोर्टेड सायकल मंडळाच्या मालकीची आहे." माझ्या पतींचे नाव घेतले नाही. मी ऐकत होते. दुसरे कोणाचे नावही घेतले नाही.

यानंतर जे उघड झाले ते मंडळात कोणालाच ठाऊक नव्हते. समितीतल्या पाचांपैकी एकालाही सायकल चालवता येत नाही. प्रत्येकाला वाटत होते की आपल्यालाच येत नाही, बाकीच्या चौघांना येते. त्यामुळे पाच वर्षे हे कोणी कोणाला सांगितले नव्हते. पाहुण्यांनी हिरवा झेंडा हलवला तेव्हा चार जण एक पाय जमिनीवर टेकून उभे राहिले आणि "आधी अध्यक्ष, आधी अध्यक्ष" असे म्हणू लागले. दोघांनी मान म्हणून अध्यक्षांना मागून ढकलले. पुढचे काम उताराने केले.

अध्यक्षांनी दोन्ही पाय पेडलवरून उचलून बाजूला पसरून धरले होते. त्यामुळे सायकल थांबण्याचा प्रश्न उरला नाही. त्यांच्या गळ्यातला हार मागे उडत होता. सभासदांना टाळ्या वाजवायला सांगितले होते, म्हणून ते वाजवत राहिले. मी खुर्चीवरून उठून धावले. रोज्यात धावू नये हे मला माहीत आहे. मी ओरडून "पेडल, पेडल" म्हणत होते. अध्यक्षांनी एका हाताने मला नमस्कार केला.

गणू कोळी माझ्याबरोबर धावत होते. ते म्हणाले, "बाय, सायेब नाय चालवत सायकल. सायकल सायबाला घेऊन चाललीय."

उताराच्या शेवटी पुढचे चाक त्याच जाळीत गेले. सायकल जागच्या जागी थांबली. अध्यक्ष थांबले नाहीत. ते काठावरून होल्डिंग पाँडमध्ये गेले.

मला विचारण्यात आले की मी आधी सायकल का बाहेर काढली, अध्यक्षांना का नाही. माझे उत्तर असे की सायकल जाळीत अडकली होती आणि तिचा एक आराच तुटला होता, ती अजून वाचण्यासारखी होती. अध्यक्ष चिखलात सुखरूप आडवे होते आणि बोलत होते. त्यांना गणू कोळींनी काढले. ते काठावरून म्हणत होते, "सायेब, हातपाय नका मारू, पानी नाय एवरा. उभं ऱ्हा नुस्तं." अध्यक्ष उभे राहिले तेव्हा पाणी त्यांच्या पोटरीपर्यंत आले.

तेवढ्यात पाहुणे गाडीतून खाली आले. त्यांनी जाळी पाहिली, चाक पाहिले, अध्यक्षांना पाहिले. त्यांना वाटले, हे सगळे ठरवून केले आहे. ते म्हणाले की आजवर लोक मला निवेदने देतात, पण सभासदांच्या मागणीसाठी स्वतः गटारावर आदळून दाखवणारा अध्यक्ष मी प्रथम पाहतो आहे. त्यांनी तिथेच हुकूम दिला आणि आज सकाळी जाळी फिरवून बसवली. दोन माणसे आली होती, पहार घेऊन. अर्ध्या तासाचे काम होते. मंडळाने सभासदांसाठी केलेले हे पहिले काम आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

पाहुणे एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी चिखलावरच दुसरा हार घातला आणि जाहीर केले की पुढच्या महिन्यात बेलापूर ते पनवेल मोठी सायकल फेरी निघेल आणि सबनीससाहेब सर्वांच्या पुढे राहतील. आपण स्वतःही बरोबर येऊ, असेही ते म्हणाले. सभासदांनी खरोखरीच्या टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांचा चेहरा मी जवळून पाहिला. पाँडमध्ये पडताना तो इतका वाईट नव्हता.

त्याच दिवशी दुपारी समितीने तातडीची सभा घेऊन ठराव केला. तो असा की श्रीमती मुकादम यांची सायकल मुळातच सदोष व घातक आहे, तिच्यामुळे अध्यक्षांच्या कमरेस कायमची दुखापत झाली असून ते यापुढे सायकल चालवू शकत नाहीत, आणि सर्व सभासदांच्या हितासाठी ती सायकल मोडीत काढावी. यापुढे चालवू शकत नाहीत, या शब्दांवर माझी हरकत आहे. यापूर्वीही चालवू शकत नव्हते. सभेला एकाही सभासदाला बोलावले नव्हते. ठराव घेऊन ते आपल्याकडे आले आणि सायकल जप्त झाली.

अध्यक्ष आज ठाण्यात बाहेर बाकावर बसले आहेत. कंबर दुखते म्हणतात, पण मी आले तेव्हा ते वाकून बूट बांधत होते. त्यांनी मला निरोप पाठवला की मॅडमनी सायकल मोडीत देण्यास संमती द्यावी, मंडळ त्यांना नवी लेडीज सायकल देईल, पुढे जाळीची बास्केट असलेली. मी निरोप आणणाऱ्या हवालदारांना सांगितले की बास्केटमध्ये अध्यक्षांना बसवावे. मला नवी सायकल नको. हिचा एक आरा तुटला आहे, पुढची रिम वाकली आहे. कॅरिअर शाबूत आहे, ते मी आल्याआल्या पाहिले.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पनवेलच्या फेरीला मी जाणार आहे, पाहुण्यांना तसे कळवले आहे. अध्यक्षांना यायचे असल्यास कॅरिअर रिकामे आहे. कोणी बसलेले मला चालत नाही, परंतु सभासदांच्या हितासाठी एक दिवस चालवून घेईन. गणू कोळी बाहेर थांबले आहेत. सायकल मला आजच, रोजा सोडण्याच्या आत मिळावी. चाक फिरत नसेल तर पुढची बाजू ते उचलतील, मागची मी धरीन.

जबाब लिहिताना हवालदारसाहेब मधे मधे हसले, त्याची नोंद वर नाही, ती येथे घ्यावी. त्यांनी मला दोनदा चहा विचारला, त्याबद्दल राग नाही.

वरील जबाब मी सांगितला तसा लिहिला आहे. तो मला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे. फक्त एक वाक्य माझ्या विनंतीवरून हवालदारसाहेबांनी शेवटी वाढवले आणि दारात उभे राहून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचले. ते असे : सदर सायकल सुलेमान हसन मुकादम, जहाजावरील फिटर, यांच्या मालकीची आहे.

बाहेर सर्वांनी ऐकले. जबाब बरोबर आहे.

समक्ष सही : बतूल सुलेमान मुकादम