मुका सोमवार

— नाही गं, घरात दुसरं कुणी नाही, तू आधी आत ये. उंबऱ्याबाहेर कशाला बसतेस, तिथं पागोळ्या गळतायत. हे पोतं घे, यावर बस. आणि माझ्या तोंडाकडं अशी बघू नकोस बाई, मी बोलतेय हेच आज नवल आहे. आज सोमवार ना — श्रावणातला चौथा — माझा मुका सोमवार असतो. उठल्यापासून तुळशीपुढं दिवा लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अकरा वर्षं झाली. मखमलाबादच्या या सगळ्या मळ्यांत कुणालाही विचार, सांगतील, बयाबाई सोमवारी बोलत नाही, दारात साप निघाला तरी टाळी वाजवून सांगते. आणि आज तू आलीस, ‘बुधी कुठंय’ एवढंच म्हणालीस, आणि माझ्या तोंडून ‘ये’ निघून गेलं. गेलं ते गेलं. महादेवाला काय समजायचं ते तो समजेल.

जिवंत आहे. आधी ते ऐक आणि मग पाणी पी. तुमच्या पाड्यावरच्या मोतीरामनं तुला काय सांगितलं कुणास ठाऊक, पण तुझी पोर जिवंत आहे. सरकारी दवाखान्यात आहे, त्र्यंबक नाक्याजवळ. डावा हात मोडलाय, प्लास्टर घातलंय. आमच्या शेजारची चिमणाबाई तिथं झाडलोट करते, तिच्याबरोबर मी रोज डबा पाठवते — मुगाची खिचडी, वर तूप. खाते का? खाते म्हणते चिमणाबाई. बोलत नाही म्हणते, पण खाते. खाते म्हणजे बरी होणार. मी स्वतः — नाही, मी नाही गेले अजून. आठवडा झाला. जाईन जाईन म्हणते.

कसा मोडला म्हणून विचारतेस. विहिरीच्या पायरीवरून घसरली. असं लिहिलंय तिथल्या कागदावर. माझ्या दिरानं सांगितलं, मल्हारीनं, आणि त्यांनी लिहून घेतलं. पायऱ्यांवर शेवाळ असतं श्रावणात, पटण्यासारखंच आहे — तू पाणी पी ना. त्या फडक्यात काय बांधून आणलंस? नागलीची भाकर? तिच्यासाठी? आण इकडं, ओली झालीय, चुलीपाशी ठेवते जरा. ती सांगायची मला, आयच्या हातची नागलीची भाकर. आमच्या बाजरीला नाक मुरडायची. मी म्हणायची, महाराणीच आहेस. तर हसायची. पुढचे दोन दात नवे आलेत ना तिचे, मोठे दिसतात तोंडाला, हसली की हात आडवा धरायची.

काय म्हणालीस?

हो. मीच. मीच ती वहिनी.

मल्हारी बोलला का तसं, तुमच्याकडं आला तेव्हा? ‘वहिनी एकटी असते, तिच्या सोबतीला पोर पाहिजे, शाळेतही घालू’ — असंच म्हणाला असेल. खोटं नव्हतं ते, निदान अर्धं तरी नव्हतं. मीच म्हणाले होते त्याला. आमचे हे गेल्याला चौथं वर्ष, पोटी काही नाही. सोमवार धरले ते त्यासाठीच, मग यांचं दुखणं निघालं तेव्हा त्यासाठी चालू ठेवले, आणि हे गेल्यावर — सोडायचे तरी कशाला, बाकीचे सहा दिवस तरी कोण बोलतं माझ्याशी. म्हणून म्हणाले, मल्हारी, तू पेठ बाजूला मजूर बघायला जातोसच, एखादी पोर आण, माझ्यापाशी निजेल, मी लेकीसारखी ठेवीन. लेकीसारखी म्हणाले मी. आणि तू माझ्या नावावर पोर गाडीत बसवलीस.

पहिले दोन महिने होतीही तशी. माझ्याजवळ निजायची. संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर जुई ओवायचो. तिचा हात इतका हलका — कळीला दुखायचं नाही तिच्या हातून. ओवता ओवता सगळं सांगायची. तुमच्या घरामागं वीज पडलेला आंबा आहे ना, अर्धा काळा, अर्ध्याला मोहर येतो? तुझी शेळी आहे ना एका कानाची? मला सगळं ठाऊक आहे. मी कधी गेले नाही तुमच्या डोंगरात, पण वाट सापडेल मला.

मग सखूबाईचं, माझ्या धाकट्या जावेचं, बाळंतपण झालं आणि ते बाळ बुधीच्या कडेवर आलं. मग पाणी. मग गोठा. शाळा राहिली. सखूबाई वाईट नाही हां, पण नवऱ्यापुढं तिचं काय चालतंय. आणि मल्हारी — त्याचं म्हणणं असं की डोंगरातली माणसं मारल्याशिवाय — जाऊ दे, तुझ्यापुढं ते कशाला. आषाढात पहिल्यांदा वळ पाहिले तिच्या पाठीवर. न्हाऊ घालताना. मोटेच्या नाड्याचे, त्या जाड दोराचे. मी काय केलं? हळद लावली. पुन्हा दिसले, पुन्हा हळद लावली. ती रडायची नाही ना, म्हणून मला वाटायचं — खरं सांगते, तू शाप दिलास तरी चालेल — मला वाटायचं, या पोरींना आपल्याइतकं लागत नसेल. असं वाटायचं मला. उपास करणारी बाई मी.

गेल्या सोमवारी दिवस कलताना मी तुळशीपाशी हार करत बसले होते. बुधीच्या हातून देवळात द्यायची फुलांची पाटी चिखलात पडली. एवढंच झालं. ती पळत आली आणि माझ्या पाठीमागं बसली, पदर धरून. ‘बय, मला लपव’ म्हणाली. बय म्हणायची मला. आणि मागून तो आला. ‘वहिनी, इथं आली का ती?’ आता त्याला माहीत होतं मी बोलत नाही म्हणून. माझा पदर हलत होता, तोही त्याला दिसत होता. मी नुसतं ‘नको रे’ म्हणाले असते ना — तो थांबतो, बाई, माझ्या शब्दाला थांबतो, थोरल्या भावाची बायको आहे मी. दोन अक्षरं. आणि माझ्या मनात काय आलं? दिवेलागणीला थोडाच वेळ आहे, तेव्हा बोलू. अकरा वर्षांचा नेम, तासाभरासाठी कशाला मोडू. त्यानं तिला हाताला धरून ओढलं. तिनं पदर सोडला नाही. मग आवाज आला. तेव्हासुद्धा ती ओरडली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी दिवा लावला आणि पहिला शब्द काढला तो ‘शुभं करोति’.

म्हणून म्हणते, सगळं त्या नेमामुळं झालं, सोमवार नसता तर मी —

नाही. खोटं नको बोलायला. मंगळवारी काय होतं? दवाखान्यातल्या डॉक्टरनं जुने वळ पाहिले, त्यानं पोलिसांना कळवलं, आणि मंगळवारी हवालदार आले इथं. सगळ्यांना विचारलं त्यांनी, मलाही विचारलं, बाई, तुम्ही काय पाहिलं? मंगळवार होता. बोलायला कुणाची बंदी नव्हती. मी म्हणाले, ‘मी हार करत होते, माझं लक्ष नव्हतं.’ स्पष्ट म्हणाले, घसा खाकरून. मल्हारी शेजारी उभा होता. ही खोली त्याची आहे ना. यांच्यामागं मला कुणी बाहेर काढलं नाही, दोन वेळचं मिळतं, ओट्यावर माझी तुळस आहे. माहेरी कुणी उरलं नाही. पन्नाशीची बाई जाणार कुठं — असं सगळं त्या एका वाक्याच्या पोटात होतं. हवालदार बरे होते. दोन मुलींचा बाप आहे म्हणाले. जाताना म्हणाले, पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी कागद पुरा करून वर पाठवणार, तोवर कुणाला काही आठवलं तर चौकीत या. नाहीतर पायरीवरून पडली, संपलं. बरी झाली की जिथून आणली तिथं सोडायची, म्हणजे इथंच. याच घरी.

तो सोमवार आजचा.

सकाळपासून मी इथं बसलेय. ती बघ, पाटावर जवसाची मूठ. चौथ्या सोमवारी जवस वाहायचे असतात पिंडीवर, आणि वाहताना सासरच्या सगळ्यांचं नाव घेऊन मागायचं, मला यांची आवडती कर म्हणून. चार वेळा मूठ भरली आणि चार वेळा खाली ठेवली. मल्हारी आणि सखूबाई बाळाला घेऊन त्र्यंबकला गेलीत दर्शनाला. मी मनात म्हटलं, आपणही नेम पुरा करावा, दिवा लावावा, मग चौकीत जावं. म्हणजे पुन्हा तेच गं. पुन्हा दिव्याची वाट. आणि दिवा लागेपर्यंत ते परत येणार आणि माझे पाय उचलणार नाहीत, मला माहीत आहे मी कशी आहे ते. तेवढ्यात तू आलीस.

रडतेस? रड, बाई. का मलाच वाटलं? माझंच नाक गळतंय की काय.

ऊठ. भाकर घे ती, सुकलीय. आधी चौकी, मग दवाखाना — नाही, तू आई आहेस, तू सांग. आधी दवाखाना म्हणतेस? नको गं, ऐक माझं, आधी चौकी. हवालदार उठून गेले तर कागद जाईल. आणि तिच्यासमोर मला रिकाम्या हातानं जायचं नाही. तिला सांगायचंय, बोलले म्हणून. माझ्याशी बोलेल का ती? बोलेल. आज नाही, पण बोलेल, नव्या दातांपुढं हात धरून का होईना. आणि तू घेऊन जा तिला आंब्यापाशी. मला कधी बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तरी रागावणार नाही.

जवस राहू दे पाटावर. कुलूप — कुलूप कशाला, खोली काही माझी नाही. तुळशीला पाणी घातलंय सकाळी.

थांब. मल्हारीच्या राजदूत फटफटीचा आवाज. तीच दोघं, वळणावर आली बघ. लवकर आली आज.

घाबरू नकोस, माझ्या मागंमागं चल. तो गाडी थांबवील, विचारील, वहिनी, कुठं निघालीस, ही कोण. विचारू दे. सोमवारी मी बोलत नाही, हे त्याला अकरा वर्षं ठाऊक आहे. त्याच्या अंगावरून सरळ जायचं. आता चौकीपर्यंत तूही मला काही विचारू नकोस.