सुतळीचं माप

दवाखान्यात तपासणीसाठी पुढचं नाव शिंपीणबाईंचंच होतं. पण आपल्या मुलाने दिलेला खोका त्या उघडत होत्या, म्हणून नर्सने उगाच यादीत डोकं घातलं.

“नाताळची भेट? कोट? कुठून आणलास?”

“मीच शिवलाय, आई. तुझ्याच मशीनवर.”

“तू? ट्रक चालवणारा? आणि माझं माप?”

“दुपारी झोपली होतीस, तेव्हा सुतळीने घेतलं.”

“तरीच डावी बाही आखूड झालीय.”

“कुशीवर होतीस ना. वाकडंतिकडं तुला खपत नाही, माहितेय. दे, उसवून नीट करतो.”

“चाळीस वर्षं सगळ्यांची मापं मी घेतली. माझं कुणी घेतलं नव्हतं रे.”

“दे ना, आई.”

“याला कात्री लावून तर बघ.”