ढोलाले जाळ, मानसाले नाई

लिहून घ्या भाऊ. धानोऱ्यापासून आत तीन नाले ओलांडले का आमचं गाव लागते, पावसाळ्यात तर यष्टीच काय, मरनबी चिखलात फसून वापस जाते. माझा बाप ढोल्या, त्याचा बाप ढोल्या, अन् माय सांगत होती का मी जन्मलो तवा रडलोच नाई, सुईनीच्या पाठीवर दोन्ही हातानं ताल धरला. खोटं वाटत असन तर हे नका लिहू. पन रेला म्हंजे आमचा नाच, अन् रेल्यात ढोल थांबला का पाय थांबते, हे मात्र लिहा, त्याच्यावरूनच सारं भांडन झालं.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन बारा-पंधरा वर्षं झाली असन, तवा गावात एक जीप आली. दिल्लीले मोठा मेळा आहे, साऱ्या देशातले नाच येनार, चला म्हने. आमी सोळा जन निघालो, माझी बायको कांता अन् मोठेबाबा धरून. मोठेबाबा म्हंजे माझ्या बापाचा मोठा भाऊ, सत्तरीच्या पुढचा, पन रेल्याचं गानं त्यानं उचलल्याबिगर कोनाच्या तोंडातून निघत नव्हतं. त्याची बायको, आमची मोठीमाय, यष्टीच्या खिडकीतून माझं मनगट धरून म्हने, नेतं तसाच वापस आन याले, नाई तर तूबी येऊ नको.

अन् दिल्लीची थंडी काय सांगू तुमाले. आपल्या इथी थंडी पडते ती शेकोटीपाशी बसून गप्पा हाकाले पडते. तिथची थंडी दुश्मनी काढाले पडते. धुकं असं का म्या माझाच हात धरून इचारलं, कोन आहे रे तू. बिडी पेटवाले गेलो तर काडीवरचा जाळच कुडकुडून राह्यला. मैदानात तंबू, खाली ओली सतरंजी, दोघात एक कांबळ, अन् सोळा जनाचे दात सोळा तालात वाजून राह्यले, मी ढोल्या मानूस, मले ते सहन होये नाई.

तरी आमी त्या तंबूत पडल्या पडल्या जग फिरत होतो. कारन मेळ्याच्या साहेबानं सांगतलं होतं, चांगले नाचले तर पुढच्या खेपेले जहाजानं परदेशात नेतो. मंग काय, आमच्यातला सोमा म्हने मी जहाजावरून गळ टाकीन. कांता म्हने जिथी ऊन आहे त्याच देशात जाऊ, थंडीवाल्या देशाले माझा इथूनच रामराम. मोठेबाबाले फक्त समुद्र पाहाचा होता. एवढं पानी अन् त्याले दुसरा काठच नाई, मंग ते थांबते कायले, म्हने. आमी त्याले रोज समुद्र सांगत होतो, अन् वरून तंबूचं पानी टपकत होतं.

पहाटे साहेबानं तालमीले बोलावलं. आमी स्वेटर घालून गेलो. साहेबाच्या अंगावर कोट, मफलर, कानटोपी, हातमोजे, नाक तेवढं उघडं, अन् ते नाक आमाले म्हने, हे काय, काढा स्वेटर, आदिवासी आदिवासीसारखे दिसले पाह्यजे. म्या म्हन्लं, साहेब, आमी घरीबी थंडीत कपडे घालतो. तो म्हने, लोकाले ते पाहाचं नाई. मले असा राग आला का अंगातून वाफ निघाली, त्या वाफेवर दोन जनाचा चहा झाला असता. पन काढले आमी स्वेटर. जहाज दिसत होतं ना डोळ्यापुढं.

दोन दिवसात मोठेबाबा खोकलू लागला. जाळ मागतला तर म्हने मैदानात जाळ बंद, नियम आहे. त्याच सांजले तालमीत माझा ढोल भद्द बोलला. धुक्यानं चामडं ढिलं पडते, शेकल्याबिगर ताठत नाई. साहेब धावत आला, याले काय झालं म्हने. म्या सांगतलं, थंडी वाजली त्याले. चहा पिऊन होये नाई तर लाकडं आली भाऊ. ढोलासाठी. मानसासाठी नियम अन् ढोलासाठी लाकडं. आजबी सांगताना माझ्या कानशिलाची शीर उडते.

मंग म्याबी सोडलं नाई. म्हन्लं, साहेब, हा ढोल लय नाजूक, दिवसभर शेकाव लागते, अन् बाजूले म्हातारा मानूस बसवाव लागते, नाई तर रुसते. साहेबानं मान हालवली. तसा मोठेबाबा ढोलाचा सोबती म्हनून जाळापाशी बसला, अन् खोकला जरा उतरला.

कार्यक्रमाच्या सांजले पाहुने शाली पांघरून खुर्च्यात बसले. साहेब म्हने, स्वेटर काढा, त्या म्हाताऱ्याचंबी कांबळ काढा. मोठेबाबा गाठ सोडाले लागला, गाठ सुटे ना. काढू दे रे, म्हने, माझ्यापायी पोराईचं जहाज जाईन. म्या त्याचा हात धरला अन् ढोलाच्या काठ्या खाली ठेवल्या. साहेब, त्याचं कांबळ राह्यलं तर ढोल वाजन. साहेब म्हने, परदेशात जाचं नाई काय तुमाले? म्या साऱ्याईकडं पाह्यलं. कांतानं आपलं स्वेटर घातलं अन् गळ्यापर्यंत बटना लावल्या. साहेबानं टेप लावली, तिच्यातून ढोल वाजला, पन एक पाय हालला नाई. मुर्दा वाजून राह्यला, म्हने मोठेबाबा. शेवटी साहेबच नमला, आमी साऱ्या कपड्यासकट नाचलो, अन् टाळ्या अशा पडल्या का धुकं फाटून कुतुबमिनार दिसला.

जहाजात दुसरे गेले. हट्टी लोकं म्हनून आमचं नाव कटलं. मोठीमायले तिचा मानूस नेला तसा वापस देला.

मोठेबाबा मंग काई वर्षं जगला, पन समुद्र नाई पाह्यला त्यानं. तो राग माझा गेला नाई, जाईनबी नाई. साहेबाचा राग, अन् शालीतून हात काढून टाळ्या वाजवनाऱ्याईचाबी. आताबी जीप येते, चला म्हन्ते. मी म्हन्तो, पोराईले न्या, पन कपड्यासकट न्या. त्या साहेबाच्या लेकराले कधी थंडी न वाजो, एवढंच म्हन्तो, जास्त बोललो तर तुमाले लिहिता येनार नाई. मोहफुलं येचून झाली का मी अन् कांता बल्लारशाले गाडीत बसनार, समुद्र पाहाले, आपल्या तिकिटावर. कोनी बोलावलं नाई, कोनाले नाचून दाखवाचं नाई. तिथी लय गरम होते म्हन्ते. सदरा काढाचा का ठेवाचा, ते मी तिथी गेल्यावर पाहीन.